पंथाने पाळलेले पथ्य

नांदेडच्या सचखंड श्री हुजूर साहिबात दर्शनाला जाणारा माणूस शीख असो वा नसो, आत शिरण्यापूर्वी तीन गोष्टी करतो. जोडे काढतो, हातपाय धुतो आणि डोक्यावर रुमाल बांधतो. आपल्या मराठवाड्यातल्या माणसाला पुष्कळदा चौथी गोष्टही करावी लागते. खिशातली तंबाखूची पुडी, चुन्याची डबी किंवा विडीचे बंडल बाहेर ठेवावे लागते. बहुतेकांना हा देवस्थानाचा एक रिवाज वाटतो. दर्शन होते, लंगरचा प्रसाद होतो, बाहेर आल्यावर पुडी पुन्हा खिशात जाते आणि ती गोष्ट विसरली जाते.

पण त्या चौथ्या गोष्टीमागे तीनशे वर्षांहून जुनी कथा आहे. ज्या महापुरुषाने नांदेडला देह ठेवला, त्या गुरू गोविंदसिंगांच्या आयुष्याशी ती जोडलेली आहे. तंबाखू माणसाच्या मेंदूत नेमके काय करते याचा उलगडा शास्त्रज्ञांना गेल्या सव्वाशे वर्षांत हळूहळू होत गेला. तो वाचल्यावर त्या जुन्या पथ्याकडे पाहण्याची आपली दृष्टी बदलते.

ज्या वर्षी शिवाजी महाराज आग्र्याच्या कैदेतून निसटले त्याच वर्षी, १६६६ च्या डिसेंबरात, पाटण्याला या मुलाचा जन्म झाला. वडील शिखांचे नववे गुरू तेगबहादुर, आई माता गुजरी. मुलाचे नाव गोविंदराय. पाच-सहा वर्षांचा असताना त्याला पंजाबात, शिवालिकच्या पायथ्याशी असलेल्या आनंदपूरला आणले गेले. तिथे गुरुमुखी, फारसी आणि संस्कृत यांचे शिक्षण सुरू झाले. सोबत घोडा आणि धनुष्यबाणही आले.

१६७५ च्या नोव्हेंबरात दिल्लीच्या चांदणी चौकात औरंगजेबाच्या हुकमाने तेगबहादुरांचा शिरच्छेद झाला. आज तिथे शीशगंज गुरुद्वारा आहे. नऊ वर्षांच्या गोविंदरायांवर गुरुगादीची जबाबदारी आली. आपल्याकडे या वयाचा मुलगा तिसरी-चौथीत असतो. या मुलापुढे भोवतालच्या पहाडी राजांचा हेवा होता, मोगल सुभेदारांची नजर होती आणि भेदरलेला अनुयायीवर्ग होता. त्या समाजाला ताठ उभे कसे करायचे, हा प्रश्न पुढची चोवीस वर्षे त्यांच्या मनात राहिला. मधल्या काळात यमुनेकाठी पावंटा येथे त्यांचे वास्तव्य झाले, तिथे त्यांनी कवी जमवले, स्वतः रचना केल्या आणि १६८८ मध्ये भंगाणीची लढाईही जिंकली.

याच काळात हिंदुस्थानात एक नवा पाहुणा घरोघरी रुळला होता. तंबाखू मूळची अमेरिका खंडातली. पोर्तुगीजांनी ती पश्चिम किनाऱ्यावर आणली आणि तिथून ती दख्खनेत शिरली. अकबराचा एक सरदार असद बेग आदिलशाहीत विजापूरला वकिलीवर गेला होता. तिथे त्याला तंबाखू दिसली. आपल्या सोलापूरच्या पलीकडच्या त्या शहरातून १६०४ च्या सुमारास त्याने ती नवलाईची वस्तू आणि एक नक्षीदार हुक्का बादशहापुढे आग्र्याला नेला. दरबारातल्या हकिमाने नाक मुरडले, तरी अकबराने एकदोन झुरके घेऊन पाहिले. दरबाऱ्यांना तेवढे पुरे होते. बघता बघता हुक्का प्रतिष्ठेची वस्तू झाला.

अकबराचा मुलगा जहांगीर याला ही लाट धोक्याची वाटली. १६१७ मध्ये त्याने तंबाखूबंदीचा हुकूम काढला. हुकूम बादशहाचा होता, त्यामागे फौज होती, कोतवाल होते. तरीही हुक्का गेला नाही. उलट त्याच बादशहाच्या वारसांच्या राज्यात तो सरदारांच्या दिवाणखान्यापासून सराईपर्यंत पोचला. हुकूम काढणारा जहांगीर स्वतः दारू आणि अफूच्या आहारी गेलेला होता आणि आत्मचरित्रात त्याने हे लपवलेले नाही. दुसऱ्यासाठी काढलेला हुकूम तो दुसऱ्यासाठीच राहिला.

बरोबर ब्याऐंशी वर्षांनी, १६९९ च्या वैशाखीला, आनंदपूरला दुसऱ्या प्रकारची बंदी जन्माला आली.

त्या दिवशीचा प्रसंग सर्वांना ठाऊक आहे. हजारोंच्या मेळाव्यात गुरूंनी तलवार उपसून शिर मागितले. एकामागून एक पाच जण उठले. लाहोरचा दयाराम, हस्तिनापूरचा धर्मदास, जगन्नाथपुरीचा हिंमतराय, द्वारकेचा मोहकमचंद आणि बिदरचा साहिबचंद. आपल्या उदगीरला खेटून असलेले हे बिदर आणि हा साहिबचंद जातीने न्हावी. देशाच्या चार दिशांतून आणि वेगवेगळ्या जातींतून आलेल्या या पाचांना गुरूंनी एकाच भांड्यातले अमृत दिले आणि खालसा पंथाची स्थापना केली. त्यानंतर त्यांनी केले ते याहून मोठे होते. ते स्वतः त्या पाचांपुढे हात जोडून उभे राहिले आणि त्यांच्याकडून अमृत घेतले. गोविंदरायांचे गोविंदसिंग झाले ते असे. जे नियम शिष्यांना, तेच गुरूला.

त्या नियमांत केस राखणे आले, शस्त्र बाळगणे आले आणि काही गोष्टी कायमच्या वर्ज्य झाल्या. पंथाच्या आचारसंहितेत ज्या चार गोष्टी गंभीर दोष मानल्या आहेत त्यांतली एक म्हणजे तंबाखूचे सेवन. गुरूंच्या दरबारातला कवी सेनापती याने रचलेल्या 'गुरशोभा' या ग्रंथातही हुक्का सोडण्याचा उल्लेख आहे. गुरूंना यामागचे रसायनशास्त्र ठाऊक असण्याचा प्रश्नच नव्हता. त्यांचे प्रयोजन धर्माचे आणि शिस्तीचे होते. परंतु त्यांनी रेघ कुठे आखली ते पाहा. थोडी चालेल, सणावाराला चालेल, म्हाताऱ्यांना चालेल, अशी सवलत त्यात नाही. पहिला झुरकाच नाही. या एका मुद्द्यापाशी आजचे मेंदूविज्ञान येऊन पोचले आहे.

आता जरा केंब्रिजला जाऊ. तंबाखूतले मुख्य विष म्हणजे निकोटिन. १८२८ मध्ये जर्मनीत हायडेलबर्गच्या दोन संशोधकांनी ते वेगळे काढले होते. केंब्रिजचे शरीरशास्त्रज्ञ जॉन लँग्ले यांनी निकोटिनचे थेंब वापरून मज्जातंतूंवर वर्षानुवर्षे प्रयोग केले. १९०५ मध्ये त्यांनी कोंबडीच्या स्नायूंवरील प्रयोगांतून एक गोष्ट दाखवली. स्नायूकडे येणारी नस तोडली तरी निकोटिनने स्नायू आखडतो. म्हणजे स्नायूच्या पेशीतच असे काहीतरी असले पाहिजे की जे निकोटिनला ओळखते आणि पकडते. या 'काहीतरी'ला आज रिसेप्टर म्हणतात. आपण सोयीसाठी त्याला कुलूप म्हणू.

ही कुलपे निसर्गाने तंबाखूसाठी बनवलेली नाहीत. शरीरात ॲसिटिलकोलीन नावाचे एक द्रव्य तयार होते, ती त्यांची खरी किल्ली. लक्ष लागणे, आठवण राहणे, तरतरी येणे अशी कितीतरी कामे या किल्लीने चालतात. निकोटिन ही तिची हुबेहूब नसली तरी चालणारी बनावट किल्ली आहे. विडी-सिगारेटचा धूर छातीत गेला की दहा-वीस सेकंदांत निकोटिन मेंदूत पोचते, कुलपे उघडते आणि डोपामिन नावाचे सुखद जाणिवेशी निगडित द्रव्य स्रवते. अंगात तरतरी येते, डोके हलके होते. पहिल्यांदा घेणाऱ्याला मळमळते, घाम फुटतो, ते वेगळे. तो शरीराचा पहिला आणि प्रामाणिक विरोध असतो.

खऱ्या किल्लीचे काम क्षणार्धात संपते, कारण शरीर ती लगेच मोडून टाकते. बनावट किल्ली मात्र रेंगाळते. त्यामुळे कुलपे काही काळ बधिर होतात, उघडायचीच थांबतात. असे दिवसातून दहा-वीस वेळा, महिनोन्‌महिने चालले की मेंदू आपल्या परीने तोल सांभाळू लागतो आणि पेशींवरच्या कुलपांची संख्या वाढते. १९८० च्या दशकात निकोटिन दिलेल्या उंदरांच्या मेंदूत ही वाढ दिसली. १९८८ मध्ये मृत्यूनंतर तपासलेल्या माणसांच्या मेंदूंतही धूम्रपान करणाऱ्यांमध्ये ही कुलपे अधिक आढळली. पुढे जिवंत माणसाच्या मेंदूचे चित्र घेण्याची तंत्रे आली आणि २००६ च्या एका अभ्यासात दिसले की एकदोन झुरक्यांतच मेंदूतली या जातीची निम्मी कुलपे व्यापली जातात.

आता रात्रीचा विचार करा. रक्तातले निकोटिन साधारण दर दोन तासांनी निम्मे होत जाते. झोपेतल्या सात-आठ तासांत बहुतेक ओसरते. बधिर झालेली कुलपे जागी होतात आणि आता ती पूर्वीपेक्षा जास्त आहेत. सगळी एकदम मागणी करू लागतात. सकाळी उठल्याबरोबर चिडचिड होते, हात खिशाकडे जातो, आणि तंबाखूचा बार भरल्याशिवाय परसाकडेही जाता येत नाही, अशी ज्याची तक्रार असते, त्याचे कारण या वाढलेल्या रिकाम्या कुलपांत पुष्कळसे सापडते. दिवसातली पहिली विडी सर्वांत गोड लागते तीही म्हणूनच.

आयुष्याची उमेदीची वर्षे बँकेत काढल्यामुळे मला याची तुलना कर्जाशी करावीशी वाटते. सुरुवातीच्या काही पुड्या म्हणजे हातात पडलेली मुद्दल. त्यातून खरोखर थोडे सुख मिळते. त्यानंतर आयुष्यभर प्रत्येक पुडी केवळ व्याज भरते. माणसाला वाटते आपण चैन करतो आहोत. प्रत्यक्षात तो न घेणाऱ्या माणसाइतका शांत होण्यासाठी पैसे मोजत असतो. आणि मुद्दल तर जशीच्या तशी डोक्यावर.

हे समजले की जहांगीरचा हुकूम का फसला ते कळते. ज्याच्या मेंदूत कुलपे वाढलेली आहेत त्याला फर्मान वाचून दाखवण्यात अर्थ नसतो. त्याची लढाई कोतवालाशी नसून सकाळच्या त्या रिकाम्या कुलपांशी असते. आनंदपूरचे पथ्य टिकले, कारण त्या घरात जन्मलेल्या मुलाच्या मेंदूत ती कुलपे वाढण्याची वेळच सहसा आली नाही. पहिली पिढी हुक्का सोडून आली असेल, तिला त्रासही झाला असेल. दुसऱ्या पिढीला सोडण्यासारखे काही नव्हते.

पण पथ्य घालून देणारा गेला की पथ्यही सैल पडते, असा सर्वसाधारण अनुभव आहे. गुरू गोविंदसिंगांच्या बाबतीत तर तसे व्हायला सगळी कारणे होती. १७०४ च्या हिवाळ्यात दीर्घ वेढ्यानंतर आनंदपूर सोडावे लागले. चमकौरच्या लढाईत अजितसिंग आणि जुझारसिंग हे थोरले दोन मुलगे पडले. बिदरचा साहिबसिंगही तिथेच कामी आला. जोरावरसिंग आणि फतेहसिंग हे धाकटे दोघे सरहिंदच्या वजीरखानाच्या हाती लागले आणि त्यांना भिंतीत चिणून मारण्यात आले. आजी माता गुजरी यांनीही तिथेच प्राण सोडला. अवघ्या काही दिवसांत घर रिकामे झाले. अशा अवस्थेत या माणसाने औरंगजेबाला फारसी काव्यात पत्र लिहिले आणि शपथ मोडल्याबद्दल बादशहाला जाब विचारला. 'जफरनामा' म्हणून ते प्रसिद्ध आहे.

१७०७ मध्ये औरंगजेब आपल्या अहमदनगरजवळ भिंगारला मरण पावला. नवा बादशहा बहादुरशहा दक्षिणेत निघाला तेव्हा गुरूही त्या वाटेने आले आणि १७०८ मध्ये नांदेडला गोदाकाठी त्यांचा मुक्काम पडला. इथेच माधोदास बैरागी त्यांना भेटला. त्याचा बंदासिंग बहादूर होऊन तो पंजाबकडे निघाला. इथेच एका पठाणाने त्यांच्यावर खंजिराचा वार केला. तो वजीरखानाने पाठवलेला होता, असे बहुतेक इतिहासकार मानतात. जखम शिवण्यात आली, भरतही आली होती. परंपरा सांगते की एक जड धनुष्य ओढताना टाके उसवले. ७ ऑक्टोबर १७०८ रोजी गुरूंचे निर्वाण झाले. वय अवघे एक्केचाळीस.

वारस म्हणावा असा मुलगा उरला नव्हता. कोणा माणसाला त्यांनी गादी दिलीही नाही. यापुढे ग्रंथसाहिब हाच गुरू, आणि निर्णय पंथाने एकत्र बसून घ्यायचे, अशी व्यवस्था लावून ते गेले. या एका निर्णयामुळे पथ्याचा राखणदार बदलला. ते पाळले जाते की नाही हे पाहायला आता कोणी एक गुरू नव्हता. ते काम आई, बाप, शेजारी, पंगतीला बसणारा, सर्वांचे झाले. पुढच्या अर्धशतकात शिखांवर भयंकर दिवस आले, जंगलात राहण्याची पाळी आली, तरी पथ्य राहिले. १८३० च्या दशकात महाराजा रणजितसिंगांनी नांदेडच्या त्या जागेवर आजचा गुरुद्वारा बांधवला, तोवर सव्वाशे वर्षे उलटली होती.

ते किती टिकले हे आकड्यांतही दिसते. केंद्र सरकारच्या २०१६-१७ च्या तंबाखूविषयक पाहणीत देशातल्या प्रौढांपैकी शेकडा २८.६ जण कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेत होते. महाराष्ट्रात हे प्रमाण २६.६ होते आणि पंजाबात १३.४. पंजाबात सगळे शीख नाहीत, हे लक्षात घेतले तर या फरकाचे महत्त्व आणखी वाढते. पंजाबला दारूचा आणि इतर नशेचा प्रश्न नाही असे कोणी म्हणणार नाही, तो तर गंभीर आहे. मद्य आणि इतर अमली पदार्थही शीख आचारसंहितेला मान्य नाहीत. पण ज्या गोष्टीची गणना चार मोठ्या दोषांत झाली आणि जिच्या वर्ज्य असण्यावरून माणूस ओळखला जाऊ लागला, तिथे समाजाने रेघ राखली. नियम कागदावर असणे आणि नियम ओळखीचा भाग होणे यांत एवढे अंतर आहे.

या पथ्याची आणखी एक बाजू फारशी सांगितली जात नाही. ज्या अमृतधारी शिखाकडून हा दोष घडतो तो पतित मानला जातो, पण त्याला परतीची वाट बंद नसते. चूक कबूल करून, पंथ सांगेल ते प्रायश्चित्त घेऊन तो पुन्हा अमृत घेऊ शकतो. मेंदूचेही तसेच आहे. अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या संशोधकांना २००९ मध्ये असे आढळले की तंबाखू पूर्ण सोडलेल्या माणसांच्या मेंदूतली वाढलेली कुलपे सुमारे सहा ते बारा आठवड्यांत न घेणाऱ्यांच्या पातळीवर येतात. सुरुवातीचे दिवस सर्वांत कठीण असतात, आणि वासाने किंवा संगतीने आठवण पुढेही होत राहते. पण वाढीव कर्ज फिटते. पहिल्या आठवड्यात जो चिडचिड करतो, झोप उडाली म्हणतो, त्याला घरच्यांनी टोमणे मारू नयेत. त्याची कुलपे मागणी करत असतात, आणि ती मागणी दिवसेंदिवस कमी होत जाणार असते. सोडण्यासाठी डॉक्टरांकडे औषधे आहेत आणि २०१६ पासून सरकारची मोफत दूरध्वनी सेवाही आहे. तिचा क्रमांक तंबाखूच्या पाकिटावरच छापलेला असतो.

आता आपल्या घराकडे येऊ. त्याच पाहणीत महाराष्ट्रात विडी-सिगारेट ओढणारे शेकडा चारांच्याही आत होते, पण तोंडात तंबाखू धरणारे चोवीसच्या घरात होते. नांदेड-लातूरकडच्या कोणत्याही पारावर, एसटी स्टँडवर, बाजार समितीच्या आवारात पाहिले तर याला वेगळ्या पुराव्याची गरज नाही. धूर नाही, म्हणून हे व्यसन सौम्य, अशी आपली समजूत असते. चुना लावून मळण्यामागचे रसायन तसे सांगत नाही. चुन्याच्या क्षारामुळे निकोटिन गालाच्या आतल्या कातडीतून सहज रक्तात उतरते. धुरापेक्षा सावकाश चढते, पण बराच वेळ टिकून राहते. मेंदूतल्या कुलपांना किल्ली नाकातून आली की गालातून, याच्याशी देणेघेणे नसते. तोंडाच्या कॅन्सरचा धोका आहे तो आहेच.

राज्यात २०१२ मध्ये गुटखाबंदी झाली. अठरा वर्षांखालच्या मुलांना तंबाखू विकायला २००३ च्या कायद्याने मनाई आहे. हे हुकूम हवेतच. पण ते बादशहाचे हुकूम आहेत, त्यांची ताकद कोतवालापुरती. आपल्याकडे तंबाखूची पहिली ओळख मुलाला बहुधा घरातच होते. आजोबा पारावरून हाक मारतात, जा रे बाळा, कोपऱ्यावरून पुडी घेऊन ये. नातू धावत जातो, आणतो, कधी हौसेने तळहातावर मळूनही देतो. त्यात लाड असतो, माया असते, वाईट हेतू कोणाचाच नसतो. परंतु वाढत्या वयाचा मेंदू निकोटिनला मोठ्यांच्या मेंदूपेक्षा लवकर वश होतो. पंचविशीपर्यंत त्याची घडण चालू असते. ज्या हाताने आज मळून दिली तो हात चौदा-पंधराव्या वर्षी चिमूटभर स्वतःच्या गालात ठेवणार नाही, याची हमी कोण देणार?

गुरू गोविंदसिंग आपल्या मातीत चिरविश्रांती घेत आहेत. त्यांचा पंथ स्वीकारणे ही ज्याच्या त्याच्या श्रद्धेची बाब. पण पथ्य घरात कसे रुजवावे, हे त्यांच्याकडून कोणालाही घेता येते. त्यांनी नियम आधी स्वतःवर लावून घेतला. रेघ पहिल्या झुरक्याच्या अलीकडे आखली. ती राखण्याचे काम सर्वांवर सोपवले आणि चुकलेल्यासाठी परतीची वाट ठेवली. आपल्या घरापुरते एवढे जरी करायचे ठरवले तरी सुरुवात अगदी लहान आहे. आजोबांची सवय एका दिवसात सुटेल असे नाही, पण यापुढे पुडी आणायला नातवाला पाठवायचे नाही, एवढे आजोबा आजच ठरवू शकतात.